फॉरेनचं आहे, पण चालतं का?

घरातलं कुणी अमेरिकेहून येणार असं कळलं की फॅमिली ग्रुपवर यादी सुरू होते. कुणाला आयफोन, कुणाला हेडफोन, कुणाला गेमिंग कन्सोल. काकूला हेअर ड्रायर, कारण ‘तिकडचा वेगळाच असतो गं’. ही झाली सुट्टीवर येणाऱ्यांची गोष्ट. जे कायमचे परत येतात त्यांच्याबरोबर तर अख्खं घरच येणार अशी आपली अपेक्षा असते. टीव्ही, मायक्रोवेव्ह, व्हॅक्यूम क्लीनर, कॉफी मशीन, सगळंच. सहा महिन्यांनी त्यातलं काय काय चालू आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. माळ्यावर चढून बघितलं की कळतं.

माझं म्हणणं सरळ आहे. परदेशातून वस्तू येते तेव्हा एकटीच येते. तिला लागणारी वीज, तिचे सुटे भाग, तिची वॉरंटी आणि ती उघडून दुरुस्त करणारा माणूस हे सगळं तिकडेच राहतं. तरीही ‘फॉरेनचं आहे’ एवढ्यावर आपण हजारो रुपये आणि कधी कधी घराचं वायरिंगसुद्धा पणाला लावतो. आज याद्या पाठवणारे आपणच आहोत. आणि आपल्यापैकी कितीतरी जण उद्या एमएस करून, काही वर्षं नोकरी करून बॅगा भरणार आहेत. त्यामुळे हे ‘मोठ्यांचं काम’ म्हणून सोडून देता येणार नाही.

हा विश्वास आला कुठून?

‘फॉरेनचं म्हणजे टिकणारच’ हा आपल्या आई-बाबांच्या पिढीचा अनुभव आहे आणि तो खोटा नाही. १९९१ पूर्वी बाहेरच्या वस्तू आपल्याकडे महाग होत्या आणि सहज मिळतही नव्हत्या. दूरदर्शनवर रंग आले तेच १९८२ मध्ये, दिल्लीच्या एशियाडच्या वर्षी. त्या काळात रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग आणि गोव्यातली माणसं आखातात नोकरीला जायची आणि सुट्टीवर येताना टू-इन-वन, व्हीसीआर, इस्त्री घेऊन यायची. मुंबईत अशा मालासाठी लोक मनीष मार्केटला चक्कर मारायचे. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा जोक तेव्हाचाच. शिक्का फॉरेनचा असला की माल खपायचा.

पण आखातातून आलेल्या त्या वस्तू इथे इतकी वर्षं का चालल्या? त्यांची क्वालिटी चांगली असेलच, पण त्यामागे एक साधं कारणही होतं. दुबई, मस्कत, कुवेत इथली वीज २३० ते २४० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. टीव्हीची पद्धतही दोन्हीकडे ‘पाल’च होती. फरक होता तो पिनांचा. तिकडे तीन जाड चौकोनी पिना, आपल्याकडे गोल. गल्लीतला इलेक्ट्रिशियन जुना प्लग कापायचा, आपल्याकडचा लावायचा आणि विषय संपायचा.

पुढे आपल्या लोकांच्या विमानांची दिशा बदलली. आखाताच्या जोडीला न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया आलं. विश्वास मात्र तोच राहिला. अमेरिकेत भिंतीतली वीज १२० व्होल्टची आणि ६० हर्ट्‌झची. जपानमध्ये तर १०० व्होल्ट, त्यातही देशाच्या पूर्वेला ५० हर्ट्‌झ आणि पश्चिमेला ६०. म्हणजे ‘फॉरेन’ नावाचा एकच एक देश नसतो. मस्कतहून आलेल्या इस्त्रीचा अनुभव न्यू जर्सीहून आलेल्या इस्त्रीला लावता येत नाही.

पिन बसली म्हणजे झालं?

सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. शंभर-दीडशे रुपयांचा ‘ट्रॅव्हल अ‍ॅडॅप्टर’ घेतला, अमेरिकन चपट्या पिना त्यात घुसल्या, की आपल्याला वाटतं काम झालं. अ‍ॅडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. पलीकडे २३० व्होल्ट जसेच्या तसे पोचतात.

याचा परिणाम काय होतो ते अकरावीच्या फिजिक्समध्ये आहे. हीटर, इस्त्री, ड्रायर असल्या तापणाऱ्या वस्तूत व्होल्टेज दुप्पट झालं की पॉवर चौपट होते. १२० चे २३० झाले तर साडेतीन पटीहून जास्त. अमेरिकेतल्या बऱ्याच हेअर ड्रायरवर १८७५ वॅट लिहिलेलं असतं. तो आपल्या भिंतीत लावला तर हिशेबाने जवळपास ६९०० वॅट ओढू पाहील. आपल्याकडे गीझरसाठीचा १६ अँपिअरचा मोठा सॉकेटसुद्धा साधारण ३७०० वॅटपर्यंतचाच असतो. नशीब चांगलं असेल तर कॉइल क्षणात जळते आणि फक्त वास सुटतो. नशीब वाईट असेल तर पडदा जवळच असतो.

अजून एक धोका कुणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेतली एक्स्टेन्शन बोर्डाची पट्टी, स्पाइक गार्डवाली. ‘हिच्यात काय, नुसत्या वायरी तर आहेत’ म्हणून लोक ती आठवणीने बॅगेत टाकतात, म्हणजे इथे एकाच अ‍ॅडॅप्टरवर सगळे चार्जर लावता येतील. पण त्या पट्टीत जास्तीचं व्होल्टेज अडवणारा एक छोटा भाग बसवलेला असतो आणि तो १२० व्होल्टचा हिशेब धरून बनवलेला असतो. त्याच्या दृष्टीने आपली रोजची वीज हीच ‘जास्तीची’. त्यामुळे पट्टी लावताच फट्‌कन आवाज, धूर आणि घरातले दिवे गुल असा कार्यक्रम होऊ शकतो. आधीपासून जोडलेल्या लॅपटॉपचा जीव टांगणीला लागतो तो वेगळाच.

मग उपाय काय? स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारलंत तर मिळतो. तो २३० चे ११०-१२० व्होल्ट करून देतो. पण त्याच्याही मर्यादा आहेत. एक तर जास्त वॅटचा ट्रान्सफॉर्मर चांगलाच वजनदार असतो, गुणगुणतो आणि गरम होतो. दुसरं म्हणजे तो हर्ट्‌झ बदलत नाही. त्यामुळे ६० हर्ट्‌झसाठी बनवलेली साधी मोटर इथे हळू फिरते. जुन्या पद्धतीचा मायक्रोवेव्ह नेहमीपेक्षा जास्त तापतो. विजेच्या हर्ट्‌झवर चालणारं घड्याळ असेल तर ते दर तासाला दहा मिनिटं मागे पडतं.

माझा आतेभाऊ न्यू जर्सीहून परतला तेव्हा त्याने कॉफी मशीन आणलं. त्यासाठी इथे ट्रान्सफॉर्मर घेतला. आता ओट्याचा एक कोपरा कॉफी मशीनने आणि दुसरा ट्रान्सफॉर्मरने अडवलाय. कॉफी करायची तर आधी तो लोखंडी ठोकळा चालू करा, तो ‘हंऽऽ’ करायला लागला की मशीन चालू करा, झाल्यावर आठवणीने दोन्ही बंद करा. आत्या त्याला म्हणते, “अरे, तेवढ्यात मी पातेल्यात चार कप करून देते की!” दादाकडे याला उत्तर नाही.

या सगळ्यात मला आवडणारी गंमत मिक्सरची आहे. अमेरिकेतल्या भारतीयांना ओल्या नारळाचं वाटण आणि इडलीचं पीठ हवं असतं. तिकडच्या ब्लेंडरला ते नीट जमत नाही. म्हणून प्रीतीसारख्या भारतीय कंपन्या तिकडच्यांसाठी खास ११० व्होल्टचे मिक्सर विकतात. म्हणजे ब्रँड आपला, भांडी आपली, चटणी आपली. पण तिकडे घेतलेला तोच मिक्सर घेऊन माणूस मायदेशी आला, तर आपल्या स्वयंपाकघरात तो परदेशी ठरतो. नाव कुठलं आहे यापेक्षा मागच्या बाजूला काय छापलंय ते महत्त्वाचं, हे यावरून पटावं.

फोन चालतो. तो चालेनासा झाला तर?

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे मिक्सर मागवतोय? आम्हाला फोन आणि लॅपटॉप हवाय. बरोबर आहे, आणि इथे बातमी चांगली आहे. फोन, लॅपटॉप, कॅमेरा, ई-रीडर, नवे कन्सोल यांच्या चार्जरवर किंवा पॉवर सप्लायवर बहुतेक वेळा ‘इनपुट : १००-२४० व्ही, ५०/६० हर्ट्‌झ’ असं छापलेलं असतं. ते असेल तर जगात कुठेही लावा. टाइप-सी आल्यापासून तर आणखी सोपं झालंय. युरोपियन युनियनने डिसेंबर २०२४ पासून फोनला टाइप-सी सक्तीचं केलं आणि अ‍ॅपलनेही २०२३ मध्येच आयफोनला ते दिलं. चार्जर इथला, वस्तू तिकडची, काही अडत नाही.

लॅपटॉपच्या बाबतीत एक छोटी गोष्ट. विटेएवढ्या चार्जरपासून भिंतीपर्यंत जाणारी वायर बहुतेक वेळा सुटी निघते. डगमगणारा अ‍ॅडॅप्टर लावण्यापेक्षा ती वायर इथली तीन पिनांची घ्या. दोन पिनांच्या प्लगवर चार्ज करताना धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवला की मुंग्या आल्यासारखं होतं ना? अर्थिंग मिळालं की बहुतेक वेळा ते थांबतं.

पण फोन चालू होणं वेगळं आणि तो तीन-चार वर्षं वापरता येणं वेगळं. २०२२ मध्ये आलेल्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमचा ट्रेच नसतो, फक्त ई-सिम. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्या ई-सिम देतात, त्यामुळे नंबर सुरू होतो. पण रात्री अकरा वाजता फोन पडून बंद झाला, तर कार्ड काढून जुन्या फोनमध्ये टाकायची सोय नाही. ओटीपी त्याच नंबरवर, नंबर बंद फोनमध्ये. हप्त्यांवर घेतलेला फोन असेल तर हप्ते फिटेपर्यंत तो तिकडच्या मोबाइल कंपनीला लॉक असू शकतो आणि मग इथलं सिम तो घेणारच नाही. अनेक कंपन्यांची फोनवरची वॉरंटी तर ज्या देशात घेतला त्या देशापुरतीच असते.

माझ्या मैत्रिणीने असाच मामाकडून फोन मागवला. आठव्या महिन्यात डिस्प्ले गेला. इथल्या सर्व्हिस सेंटरने मॉडेल नंबर बघितला आणि सांगितलं, हे मॉडेल इकडचं नाही, पार्ट नाही. वॉरंटीचे चार महिने शिल्लक होते, फक्त ते शिकागोत शिल्लक होते. शेवटी बाहेरून स्क्रीन बसवली, तेव्हा वाचलेले पैसे तिथेच गेले.

किमतीतला फरक खरा आहे, हे मी नाकारत नाही. अमेरिकेत तोच फोन बऱ्याचदा खूप स्वस्त मिळतो आणि कॉलेजच्या पोराला पंधरा-वीस हजार म्हणजे गंमत नाही. पण ‘तिकडचा माल भारी’ हे कारण तरी आता सोडून द्या. मे २०२५ मध्ये अ‍ॅपलच्या टिम कुक यांनीच सांगितलं होतं, की त्या तिमाहीत अमेरिकेत विकले जाणारे बहुतेक आयफोन भारतात बनलेले असतील. म्हणजे तामिळनाडूतून निघालेला फोन अमेरिकेला जातो आणि मामाच्या खिशातून तुमच्याकडे परत येतो. या प्रवासात त्याने कमावलं काय, तर सिमचा ट्रे गमावला.

‘काय काय आणलं?’

आता खरं जे बोलायचंय ते. नोकरी गेल्यावर एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला साधारण ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधा, व्हिसा बदला, नाहीतर निघा. माझा आतेभाऊ असाच निघाला. त्या दोन महिन्यांत मुलाखती द्यायच्या, घर सोडायचं, गाडी विकायची आणि त्याच वेळी ठरवायचं की कोणता डबा न्यायचा, कोणता टाकायचा. त्याने जवळजवळ सगळं जहाजाने पाठवलं. टीव्ही, मायक्रोवेव्ह, व्हॅक्यूम, अगदी टेबल लॅम्पसुद्धा. त्यातला टीव्ही फक्त १२० व्होल्टचा, त्यामुळे तो अजून खोक्यातच आहे.

इंजिनिअर माणसाला हे माहीत नव्हतं का? होतं. मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “अगं, लोक पहिलं हेच विचारतात ना, काय काय आणलं? ‘काहीच नाही’ कसं सांगणार?”

मला वाटतं, आपल्या माळ्यावरच्या निम्म्या बंद वस्तूंचं कारण हे आहे. परत येणाऱ्याकडे आपण संशयाने बघतो. का आला, काढलं का, जमलं नाही का. मग तो बिचारा सामान दाखवून उत्तर देतो. मोठा टीव्ही म्हणजे ‘मी हरून आलेलो नाही’ याचं सर्टिफिकेट. तो चालतो की नाही, हा मुद्दा मागेच पडतो. आज अमेरिकेत शिकणाऱ्या, नोकरीच्या शोधात असलेल्या आपल्या सीनिअर्सपैकी काही जण येत्या वर्षा-दोन वर्षांत परत येतील. त्यांना विमानतळावर घ्यायला जाल तेव्हा ‘काय आणलंस’ ऐवजी ‘जेवलास का’ विचारा. एवढं केलं तरी बऱ्याच जणांचं जहाजाचं भाडं वाचेल.

सामान आणण्यालाही नियम आहेत. १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्युटी न भरता आणता येतो. काही काळ बाहेर राहून कायमचं परतणाऱ्यांना ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’ खाली घरच्या सामानावर सवलत मिळते, तिच्या अटी तिकडे किती काळ राहिलात यावर ठरतात. सपाट टीव्हीला मात्र ऑगस्ट २०१३ मध्येच प्रवाशांच्या नेहमीच्या ड्युटी-फ्री सवलतीतून वगळलंय. आणि ‘येताना ड्रोन आण’ असं तर भावाला चुकूनही सांगू नका. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोन आयात करायला बंदी आहे. सॅटेलाइट फोनही परवानगीशिवाय आणता येत नाही, ट्रेकिंगसाठी असला तरी. ई-सिगारेटवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. तुमच्या यादीपायी कस्टम्सच्या टेबलासमोर तो उभा राहणार, तुम्ही नाही.

मागवण्याआधी चार प्रश्न

मग काहीच आणायचं नाही का? तसं अजिबात नाही. फक्त यादी पाठवण्याआधी, किंवा बॅग भरण्याआधी, चार प्रश्न विचारा.

पहिला, वस्तूच्या मागे काय छापलंय? १००-२४० असेल तर या. नुसतं १२० व्ही, ६० हर्ट्‌झ असेल तर तिकडेच विका किंवा कुणा नव्या विद्यार्थ्याला देऊन टाका. ऑगस्टमध्ये दोन बॅगा घेऊन उतरलेल्या पोरांना तुमचा राइस कुकर सोन्यासारखा वाटेल.

दुसरा, ती गरम होते का किंवा फिरते का? तापणारी आणि मोटरवाली वस्तू इथेच घ्यावी. इथे मिक्सरला, इस्त्रीला पार्ट मिळतो आणि कोपऱ्यावरचा माणूस दुरुस्तही करून देतो.

तिसरा, वॉरंटी इथे चालेल का? दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. त्या मॉडेलची वॉरंटी कोणत्या देशांत चालते, हे कंपनीच्या कागदावर वाचून घ्या.

चौथा, ती बिघडली तर मी काय करणार? याचं उत्तर ‘बघू’ असेल तर वाचणाऱ्या पैशांतून दुरुस्तीचा खर्च आधीच वजा करा. मग बऱ्याचदा फरक एवढासाच उरतो.

हे झालं आपलं. कंपन्यांनाही एक विचारायला हवं. तोच फोन तुम्ही पन्नास देशांत विकता, त्याच्या जाहिरातीत जग जोडण्याच्या गोष्टी करता, मग वॉरंटीला सीमा कशाला? केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टलही सुरू केलं. दुरुस्ती हा ग्राहकाचा हक्क आहे हे एकदा मान्य केलं, की पुढचा प्रश्न येतोच. वस्तू कोणत्या देशात घेतली यावर हा हक्क का ठरावा? पैसे देऊन दुरुस्त करून घ्यायची माझी तयारी असेल, तर निदान अस्सल पार्ट तरी मला इथे मिळायला हवा. शिकायला, कामाला देश बदलणाऱ्या पिढीने ही मागणी लावून धरायला हवी, कारण तिची गरज सर्वात जास्त आपल्यालाच आहे.

आणि माळ्यावर जे आधीच साठलंय त्याचं काय? जे ट्रान्सफॉर्मरवर खरोखर वापरात येईल ते खाली काढा. बाकीचं भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. दादाचा टीव्ही या रविवारी तिकडेच जाणार होता. पण आत्या म्हणाली, “राहू दे रे, फॉरेनचा आहे.” तिची समजूत घालायचं काम सध्या माझ्याकडे आलंय, त्यासाठी हा लेख तिला वाचायला देणार आहे.